सतोपंथाची यात्रा आणि तिची पूर्वतयारी

बद्रीनारायणाचें नांव महाराष्ट्रांतील कोणत्याहि कुटुंबास परकें नाहीं. एके काळीं घरांतील वडील मनुष्य या यात्रेस निघाला म्हणजे तो परत येईलच असें कोणी गृहीत धरीत नसे. देण्याघेण्याची निरवानिरव करून व सर्वांचा निरोप घेऊन तो उंबरठा ओलांडी. आतां ती स्थिति राहिलेली नाहीं. हृषीकेशाहून सुमारें 300 किलोमीटरांचा मोटाररस्ता थेट बद्रीनाथापर्यंत गेलेला आहे. जें अंतर पायीं तोडण्यास पूर्वी आठवडे लागत, तें आज दोन दिवसांत संपतें. परंतु मोटाररस्ता जेथें थांबतो तेथून पुढें डोंगर पूर्वी होता तसाच आहे, आणि मनुष्याचें शरीरहि पूर्वी होतें तसेंच आहे. या दोन गोष्टींचा विसर पडला म्हणजे काय होतें, हें समजून घेण्यास सतोपंथ सरोवराच्या यात्रेइतकें चांगलें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

बद्रीनाथाच्या पलीकडे तीन किलोमीटरांवर माणा नांवाचें गांव आहे. तिबेटच्या सीमेकडील हें अखेरचें गांव म्हणून पूर्वी त्याची ओळख सांगत. 2023 सालापासून तेथील पाटीवर 'भारताचें पहिलें गांव' अशीं अक्षरें आलीं आहेत. या परिसरांतून अलकनंदेच्या उगमाकडे वळलें, म्हणजे सुमारें 25 किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांच्या आसपास, चौखंबा पर्वताच्या पायथ्याशीं हें त्रिकोणी सरोवर पसरलेलें आहे. चौखंब्याची उंची 7,138 मीटर. वाटेंत डाव्या हातास लागणारा नीलकंठ साडेसहा हजार मीटरांहून उंच. सरोवराच्या तीन कोनांवर ब्रह्मा, विष्णु आणि महेश हे एकादशीस स्नान करतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. पाणी हिरवट निळें व शांत असतें. भोंवतालीं हिमनदीनें आणून टाकलेल्या दगडधोंड्यांच्या राशी, आणि त्यांच्यावर हिमशिखरांची भिंत. वस्ती नाहीं, दुकान नाहीं, झाडहि नाहीं.

याच वाटेनें पांडव स्वर्गारोहणास गेले, असें गढवालांत मानतात. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वांत प्रथम द्रौपदी पडली, मागोमाग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम पडले, व शेवटीं युधिष्ठिर आणि एक कुत्रा एवढेच उरले, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कोण कोठें पडलें त्या जागाहि वाटाडे दाखवितात. माण्याजवळ सरस्वतीच्या खळाळत्या प्रवाहावर एक प्रचंड शिळा आडवी पडली आहे. ती द्रौपदीसाठीं भीमानें टाकली म्हणून तिला भीमपूल म्हणतात. सरोवराच्या पलीकडे चंद्रकुंड, सूर्यकुंड आणि स्वर्गारोहिणीच्या पायऱ्या. श्रद्धाळूस ही वाट पुण्यप्रद वाटते आणि डोंगरवेड्यास मोहक. दोघांसहि ती सारखीच कठीण आहे.

कठीणपणाचें पहिलें कारण डोळ्यांस दिसत नाहीं. तें हवेंत आहे. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण सर्वत्र सारखेंच असतें. परंतु जसजसें वर जावें तसतसा हवेचा दाब घटत जातो आणि प्रत्येक श्वासाबरोबर कमी प्राणवायु शरीरांत जातो. बद्रीनाथ सुमारें 3,100 मीटरांवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन तृतीयांशांच्या घरांत येतो. सतोपंथाच्या कांठीं तो सहा दशांशांहूनहि थोडा कमी भरतो. मुंबईचा मनुष्य दहा श्वासांत जेवढा प्राणवायु घेतो, तेवढ्यासाठीं तेथें सतरा-अठरा श्वास हवेत. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें 1,646 मीटर. म्हणजे बद्रीनाथाचा बाजारच कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ दुप्पट उंचीवर भरतो. कळसूबाई चढून गेलेला तरुण उत्तम चालणारा असेल, त्याचे पाय व छाती बळकट असतील. परंतु विरळ हवेचा अनुभव त्याला सह्याद्रि देऊं शकत नाहीं. गिर्यारोहकांचा सार्वत्रिक अनुभव असा कीं, उंचीचा त्रास कोणाला होईल व कोणाला होणार नाहीं, हें त्याच्या अंगकाठीवरून सांगतां येत नाहीं. पुष्कळदां बळकट मनुष्य वेगानें पुढें जातो आणि तोच आधीं आजारी पडतो.

या त्रासावर खरा उपाय एकच, तो म्हणजे सावकाश चढणें. शरीरास अवधि दिला तर श्वास खोल होतो, रक्त हळूहळू नव्या स्थितीशीं जुळतें. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज पांचशें मीटरांहून अधिक वाढवूं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. सतोपंथाचा बेत या नियमावर बेतला तर तो असा होतो. हृषीकेशाहून निघून पहिला मुक्काम जोशीमठास, म्हणजे ज्याचें नांव 2024 मध्यें ज्योतिर्मठ असें झालें त्या गांवीं, सुमारें 1,900 मीटरांवर. दुसऱ्या दिवशीं बद्रीनाथ. मोटार कांहीं तासांत बाराशें मीटर वर नेते, म्हणून बद्रीनाथास निदान दोन रात्री काढणें अवश्य आहे. मधल्या दिवशीं खोलींत निजून न राहतां वसुधारा धबधब्यापर्यंत किंवा चरणपादुकेपर्यंत फिरून यावें. दिवसा थोडें उंच जाऊन रात्रीं खालीं निजणें ही शरीराची उत्तम शिकवणी होय.

तिसऱ्या मुक्कामास लक्ष्मीवन. माता मूर्तीच्या मंदिरावरून अलकनंदेच्या उजव्या तीरानें जाणारी वाट सामान्यतः सोयीची पडते. माण्याहून भीमपूल ओलांडून वसुधारेकडून जाणाऱ्या वाटेवर पुढें नदी पार करावी लागते, आणि ती बर्फाच्या नैसर्गिक पुलावरून. उन्हाळा सरूं लागला कीं हा पूल आंतून पोखरत जातो. वरून तो अभंग दिसतो एवढ्यावरून त्याच्यावर विसंबूं नये. लक्ष्मीवनांत भूर्जवृक्षांची राई आहे. या मार्गावरील झाडांची ती शेवटचीच सोबत. जवळच भगीरथ खरक आणि सतोपंथ या दोन हिमनद्यांचीं मुखें आहेत आणि तेथूनच अलकनंदा बाहेर पडते. चढ मनासारखा सोसला नसेल तर येथें एक दिवस अधिक थांबावें. पुढें सहस्रधारा लागते; कड्यावरून अनेक प्रवाह एकदम कोसळतात आणि कोठें पाहावें तें कळेनासें होतें. त्याच्याहि पुढें चक्रतीर्थाचें गवताळ मैदान, चार हजार मीटरांच्या वर. तेथून सरोवर चार-पांच किलोमीटरच राहतें. परंतु तें अंतर मैलाच्या दगडांनीं मोजावयाचें नव्हे. प्रथम उभी धार चढावी लागते आणि नंतर हिमनदीवरील हलत्या दगडांतून उड्या टाकीत जावें लागतें. यास्तव चक्रतीर्थास राहुट्या ठेवाव्या, पहाटे निघावें, सरोवराचें दर्शन घ्यावें आणि त्याच दिवशीं चक्रतीर्थास परत यावें, हा बेत सर्वांत निर्धोक. असे जाऊन-येऊन बद्रीनाथापासून पांच ते सहा दिवस लागतात. त्यांत दोन दिवस हवामानासाठीं राखून ठेवावे. परतीच्या आगगाडीचें तिकीट ज्यानें या दोन दिवसांवर घाव घालून काढलें, त्यानें डोंगराशीं आधींच भांडण उकरून काढलें असें समजावें.

काल कोणता निवडावा? बद्रीनाथाचें मंदिर उन्हाळ्याच्या आरंभीं उघडतें आणि कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास मिटतें. माण्याचे लोकहि हिंवाळ्यांत खालच्या गांवीं उतरतात. मे महिन्यांत वाटेवर पुष्कळ बर्फ असतो. हिमप्रपाताचें भय किती खरें आहे, हें 28 फेब्रुवारी 2025 रोजीं दिसून आलें. माण्याजवळ रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या तळावर हिमाचा लोंढा आला. 54 जण गाडले गेले, त्यांपैकीं 46 वांचले आणि 8 मृत्युमुखीं पडले. हे सर्व बर्फाशीं रोजचा परिचय असलेले लोक होते. जुलै-ऑगस्टांत पावसानें दरडी कोसळून खालचा मोटाररस्ताच दिवसेंदिवस बंद राहतो. म्हणून जूनचा पूर्वार्ध, किंवा पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबर व ऑक्टोबरचा आरंभ, हेच दिवस यात्रेस योग्य. सप्टेंबरांत आकाश स्वच्छ असतें, परंतु रात्रीं थंडी कडक पडते. उंची हजार मीटर वाढली कीं उष्णता साडेसहा अंशांनीं उतरते, एवढें ध्यानांत ठेवलें तरी कपड्यांचा अंदाज घरबसल्या करतां येतो.

प्रदेश सीमेलगतचा व वनखात्याच्या देखरेखीचा असल्यामुळें ज्योतिर्मठ येथें आधीं परवानगी घ्यावी लागते. सर्वांचीं ओळखपत्रें व वैद्यकीय दाखला जवळ असावा. वाटाड्या माण्याचा किंवा आसपासच्या गांवचा घ्यावा, आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. हमालांच्या बाबतींत सुशिक्षितांकडूनहि एक चूक घडते. ओझ्याचा दर ठरविण्यांत जेवढी चिकाटी दाखविली जाते, तेवढी त्यांच्या पायांतील जोडे, अंगावरील लोंकर आणि रात्रीचा निवारा यांची चौकशी करण्यांत दाखविली जात नाहीं. जो मनुष्य आपलें अंथरूण पाठीवर वाहतो, त्याचें अंथरूण कोणतें आहे हें पाहणें हा दयेचा प्रश्न नव्हे, पूर्वतयारीचा आहे.

माण्यापलीकडे दूरध्वनीचा भरंवसा धरूं नये. उपग्रहावरून चालणारा दूरध्वनि परवान्यावांचून बाळगणें भारतांत गुन्हा आहे. तेव्हां बेताचें टिपण कागदावर लिहून बद्रीनाथास व घरीं ठेवावें: कोण कोण गेलें, कोणत्या वाटेनें, कोणत्या दिवशीं परतणार, आणि त्या दिवशीं न परतल्यास कोणाला कळवावें. विमान येऊन सोडवील ही आशा हवामान खुलें असेल तेव्हांच खरी होते, आणि संकट बहुधा हवामान बिघडल्यावरच येतें.

शिध्याचा विचार करतांना गृहिणीचें ज्ञान कामीं येतें. साडेचार हजार मीटरांवर पाणी सुमारें 85 अंशांवरच उकळूं लागतें. उकळी दिसते, पण डाळ शिजत नाहीं. म्हणून दाबाचा कुकर तरी बरोबर असावा, किंवा पोहे, सातू, भाजणी, गूळ, शेंगदाणे असे पदार्थ न्यावे. उंचीवर भूक मंदावते आणि तहानहि नीट समजत नाहीं. तरी थोडें थोडें खात व पीत राहावें. इंधन बरोबर न्यावें, भूर्जाच्या एका फांदीसहि हात लावूं नये. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षां पातळ लोंकरीचे दोन-तीन थर आणि त्यांवर वारा-पाऊस अडविणारें वस्त्र बरें. सुती कपडा एकदां भिजला कीं तो वाळत नाहीं आणि अंगांतील ऊब ओढून घेतो. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हानें डोळे दुखावतात, यासाठीं काळा चष्मा शोभेचा न मानतां औषधासारखा वापरावा. जोडे नवे कोरे नेऊं नयेत. महिना-दोन महिने सिंहगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशा चढावांवर ओझ्यासह वापरून पायाशीं जुळलेले असावे.

आजाराचीं लक्षणें घरांतील प्रत्येकानें पाठ केलेलीं असावीं. डोकें दुखणें, मळमळ, अन्नावरील वासना जाणें, झोंप न येणें, असाधारण थकवा, हा पहिला इशारा. अशा वेळीं वर चढणें थांबवावें. बरें वाटलें तरच पुढें जावें, न वाटलें तर खालीं उतरावें. चालतांना मनुष्य दारू प्यायल्यासारखा झोकांडे खाऊं लागला, सरळ रेषेंत टाचेस चवडा लावून त्याला चालतां येईना, किंवा तो असंबद्ध बोलूं लागला, तर मेंदूस सूज येत आहे असें समजावें. स्वस्थ बसलेला असतांहि धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसांत पाणी सांचत आहे. या दोहोंवर औषध शोधीत बसूं नये. रात्र असो वा पाऊस असो, त्याला सोबत देऊन ताबडतोब खालीं नेणें हाच उपाय. हजार मीटर उतरल्यानें जें साधतें तें औषधाच्या पेटीनें साधत नाहीं. ॲसिटाझोलामाइड नांवाचें औषध कांहीं वैद्य प्रतिबंधक म्हणून देतात. तें वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें, आणि सल्फा औषधें न सोसणाऱ्यांनीं तर त्याला विचारल्याशिवाय त्याला हातहि लावूं नये. झोंपेच्या गोळ्या व मद्य पूर्णपणें वर्ज्य.

खरा कठीण प्रश्न मात्र सामानाचा नसतो. तो घरांत उभा राहतो. एखाद्या कुटुंबांत साठी उलटलेले वडील आहेत. जन्मभर त्यांनीं महाभारत वाचलें आहे आणि स्वर्गारोहिणीचें दर्शन हीच त्यांची शेवटची इच्छा. मुलगा व सून त्यांना नेण्यास निघतात. वय हा एकटाच अडथळा नव्हे. नियमित चालणारे साठीचे गृहस्थ तिशीच्या बैठ्या कारकुनाहून सरस ठरतात. परंतु हृदयविकार, दमा किंवा आटोक्यांत नसलेला रक्तदाब असेल तर वैद्याचा शब्द मुलानें ऐकावा आणि वडिलांनींहि ऐकावा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघण्यापूर्वीं, घरच्या बैठकींतच ठरवावी: कोणा एकाला त्रास झाला तर कोण त्याच्याबरोबर परतणार? हें आधीं ठरलेलें नसलें, तर दुखणारें डोकें लपविलें जातें. आपल्यापायीं सर्वांचा बेत मोडेल या संकोचानें वडील बोलत नाहींत, त्यांना वाईट वाटेल म्हणून मुलगा विचारीत नाहीं, आणि दोघेहि एकमेकांच्या प्रेमानेंच संकटांत सांपडतात.

जून 2024 च्या आरंभीं उत्तरकाशीच्या बाजूस सहस्रताल या सरोवराकडे गेलेल्या 22 जणांच्या तुकडीवर असाच प्रसंग ओढवला. तीं मुख्यतः कर्नाटकांतील माणसें होतीं. त्यांत वयस्क मंडळीहि होती. सरोवर पाहून परततांना हिमवादळानें त्यांना गांठलें, पुढची वाट दिसेना, उघड्यावर रात्र काढावी लागली. 9 जणांचा अंत झाला. 13 जणांस सैन्यदलाच्या व राज्याच्या पथकांनीं सोडवून आणलें. जूनचा महिना, चांगला हंगाम, आणि उंचीहि सतोपंथाच्याच जवळपासची. ते लोक वर जातांना नव्हे, तर येतांना सांपडले, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. उतरण्यास लागणारा वेळ, शेवटची शक्ति आणि शेवटचा उजेड हीं तिन्ही परतीच्या वाटेसाठीं राखून ठेवावीं लागतात. म्हणून चक्रतीर्थाहून निघतांनाच परत फिरण्याची वेळ ठरवावी. अकरा म्हणजे अकरा. त्या वेळीं सरोवर हांकेच्या अंतरावर दिसत असलें तरी फिरावें. दुपारनंतर त्या उंचीवर ढग जमतात हा नित्याचा अनुभव आहे.

कुशल गिर्यारोहकांसहि या दऱ्याखोऱ्यांनीं सूट दिलेली नाहीं. बद्रीनाथ व केदारनाथ या दोन्ही मंदिरांची पूजा एकच पुजारी एकाच दिवशीं करीत असे, अशी एक जुनी आख्यायिका आहे. तिचा मागोवा घेण्यासाठीं 1934 मध्यें एरिक शिप्टन व टिलमन हे दोन इंग्रज गिर्यारोहक तीन शेर्पांसह सतोपंथ हिमनदीवरून खिंड ओलांडून केदारनाथाच्या बाजूस उतरले. पावसाळ्याचे दिवस होते. पलीकडचा उतार अतिशय बिकट निघाला, खालीं निबिड अरण्य लागलें, दिवसामागून दिवस गेले आणि शिधा संपला. शेवटीं बांबूचे कोंब उकडून त्यांनीं जीव धरला, आणि त्या कोंबांवरहि अस्वलांचा हक्क आधींचा होता. एका दिवसाची म्हणून सांगितलेली वाट त्या काळच्या निष्णात माणसांसहि अशी पडली. आख्यायिका ऐकावी, तिच्यांत आनंद मानावा. पण वेळापत्रक तिच्यावरून आंखूं नये.

सरोवरावर पोंचल्यावर काय करूं नये, हेंहि पूर्वतयारींतच येतें. पाण्यांत साबण, तेल, निर्माल्य, वस्त्र कांहींहि टाकूं नये. त्या थंडींत कोणताहि पदार्थ कुजण्यास वर्षें लागतात. जें वर नेलें तें सर्व, रिकाम्या वेष्टनांसह, खालीं आणावें. स्नानाचा आग्रह असेल तर ओंजळभर पाणी अंगावर शिंपडल्यानें पुण्यांत उणेपणा येतो असें कोणतेंहि शास्त्र सांगत नाहीं. हिमजलांत बुडी मारून ओल्या अंगानें वाऱ्यावर उभें राहणें मात्र शरीरास सोसत नाहीं.

महाप्रस्थानांत युधिष्ठिरानें मागें वळून पाहिलें नाहीं. एकेक जण पडत गेला आणि तो चालत राहिला, कारण त्याला परत यावयाचेंच नव्हतें. आजच्या यात्रेकरूस परत यावयाचें असतें. त्याची घरीं कोणी वाट पाहत असतें. तेव्हां त्याचा धर्म नेमका उलट आहे: त्यानें पुनःपुन्हां मागें वळून पाहावें, शेवटचा मनुष्य दिसतो ना याची खात्री करावी, आणि कोणी बसला तर सर्वांनीं बसावें. मात्र युधिष्ठिराची एक गोष्ट त्यानें जशीच्या तशी घ्यावी. स्वर्गाचें दार समोर उघडें असतांना, बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून आंत जाण्याचें त्यानें नाकारलें. सोबत्यासाठीं सरोवर पाहावयाचें राहून गेलें, तर या वाटेवरचा तो कमीपणा नव्हे. सरोवर पुढच्या वर्षींहि तेथेंच असेल.